छताकडे वळविलेले दिवे

१९६३ साली प्रदर्शित झालेल्या 'ल मेप्री' या फ्रेंच चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर श्रेयनामावळीची ओळ उमटत नाही. ती एका पुरुषाच्या आवाजात नुसती वाचून दाखविली जाते, आणि ती कानी पडत असता डोळ्यांपुढे असतो तो रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओच्या आवारातील एक निर्जन रस्ता, त्यावर अंथरलेले रूळ, हातातील पुस्तक वाचीत संथपणे पुढे येणारी एक तरुणी, आणि तिच्या बाजूने त्या रुळांवरून सरकत येणारा एक अवजड कॅमेरा. कॅमेऱ्यामागे बसलेला मनुष्य नट नव्हे. ज्याने हा सबंध चित्रपट चित्रित केला तो छायालेखक राऊल कुतार हाच तेथे बसला आहे, आणि अगदी समीप आल्यावर तो आपल्या कॅमेऱ्याचे तोंड वळवून भिंगाचा रोख सरळ प्रेक्षकांवर धरतो.

दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदार याने आपल्या छायालेखकास असे उघडपणे पडद्यावर आणावे, यात त्याच्या स्वभावातील खोडी असली तरी न्यायही होता. १९५९ ते १९६७ या अवधीत गोदारने पूर्ण लांबीचे १५ चित्रपट चित्रित केले, त्यांपैकी १४ चित्रपटांचे छायालेखन कुतारचे. उरलेला एक, म्हणजे 'मास्क्यूलँ फेमिनँ', तेवढा व्हिली क्युरां याच्या वाट्यास गेला. याच काळात फ्रांस्वा त्रुफोचे चार मोठे चित्रपट आणि जाक देमीचा पहिला चित्रपटही कुतारनेच चित्रित केला. फ्रेंच चित्रपटांतील 'नवी लाट' म्हणून जिचा जगभर बोलबाला झाला, तिचे बाह्य रूप, म्हणजे तिचा उजेड, तिच्या छटा आणि तिची चाल, ही बऱ्याच अंशी या एका माणसाच्या हातची आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्तीचा दोष लागणार नाही.

तथापि त्याच्या कामासंबंधी एक गैरसमज रूढ झालेला आहे. कुतार म्हणजे हातात धरलेला, हलणारा कॅमेरा आणि दिव्यांवाचून केलेले चित्रण, एवढेच समीकरण चित्रपटांच्या इतिहासांतून पिढ्यान्पिढ्या गिरविले गेले आहे. माझ्या मते त्याचा खरा पराक्रम हलत्या कॅमेऱ्यात नसून उजेडाच्या व्यवस्थेत आहे: पूर्वीचे छायालेखक नटाच्या मुखास प्रकाश देत, कुतारने तो सबंध खोलीस दिला, आणि त्यायोगे नटाची एका जुन्या बंधनातून मुक्तता झाली. हे बंधन कोणते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच स्टुडिओंत दिव्यांचा अंमल मोठा कडक होता. कच्च्या फिल्मची प्रकाशग्राहकता कमी असल्यामुळे प्रखर दिव्यांवाचून गत्यंतर नसे. आणि ज्या अर्थी दिवे लावावयाचेच, त्या अर्थी ते सौंदर्यास पोषक अशा रीतीने लावावेत, या विचारातून एक प्रगल्भ कला निर्माण झालेली होती. आंरी आलकांसारखे त्या कलेतील श्रेष्ठ पुरुष एकेका दृश्यासाठी मुख्य दिवा, त्याने पाडलेल्या छाया सौम्य करणारा दुसरा दिवा, केसांच्या कडा उजळविणारा मागचा दिवा, अशी तजवीज घटका घटका करीत. मग जमिनीवर खडूने खुणा होत, आणि नटाने अमुक वाक्य अमुक खुणेवर उभे राहूनच म्हणावयाचे असे. तो दोन पावले इकडे सरकला की सारा बेत बिघडला. या पद्धतीने निर्माण झालेली चित्रे अतिशय देखणी आहेत आणि त्यांचा उपहास करण्याची जी चाल पुढे पडली ती मला मान्य नाही; परंतु तिच्या राज्यात नटाच्या हालचालीवर दिव्यांचा हुकूम चाले, हे खरे.

या राज्यातून बाहेर पडणारा पहिला मनुष्य कुतार नव्हे. तो मान आंरी देकाए या छायालेखकाचा. १९५८ साली लुई माल याच्या एका चित्रपटात त्याने रात्रीच्या पॅरिसमधून चालणाऱ्या झान मोरो या अभिनेत्रीस दुकानांच्या काचांमागील दिव्यांच्या उजेडात चित्रित केले, आणि पुढच्याच वर्षी त्रुफोचा पहिला चित्रपट त्यानेच रस्त्यावर उतरून पुरा केला. देकाएने दार उघडले खरे. पण आत शिरून घरच्या साऱ्या भिंती ज्याने हलविल्या तो कुतार.

त्याचा जन्म १६ सप्टेंबर १९२४ रोजी पॅरिस येथे झाला. त्याची मूळ मनीषा रसायनशास्त्राच्या अध्ययनाची होती. परंतु घरच्या परिस्थितीमुळे ती सफल झाली नाही आणि छायाचित्रांच्या रसायनशाळेत त्याला नोकरी पत्करावी लागली. निराशेतून पत्करलेली ही नोकरी पुढे त्याच्या फार उपयोगी पडावयाची होती, कारण फिल्म कोणत्या द्रावणात किती वेळ ठेवली असता काय होते, हे ज्ञान बहुतेक छायालेखकांस ऐकीव असे. कुतारच्या ते बोटांत होते. १९४५ साली तो फ्रेंच सैन्याबरोबर हिंदी-चीनमध्ये गेला आणि मधली ये-जा धरून सुमारे ११ वर्षे त्या प्रदेशात राहिला. आरंभी शिपाई, मग सैन्याच्या वृत्तविभागातील छायाचित्रकार, आणि त्यानंतर 'पारी माच'सारख्या नियतकालिकांस चित्रे पुरविणारा वार्ताहर, अशी त्याची तेथील वाटचाल झाली. युद्धभूमीवरील छायाचित्रकाराजवळ दिवे नसतात, त्यास तालीम घेता येत नाही, आणि घडलेली गोष्ट पुन्हा घडवून आणण्याची विनंती कोणास करता येत नाही. जो उजेड असेल तो, जी जागा मिळेल ती, आणि जो क्षण हाती लागेल तो, एवढ्यावरच त्याचा निर्वाह असतो.

याच मुलुखात त्याची पिएर शोंदोर्फेर या लष्करी चित्रपटकाराशी मैत्री झाली. शोंदोर्फेर १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या पाडावात कैद झाला आणि सुटकेनंतर चित्रपट-दिग्दर्शनाकडे वळला. आपला पहिला चित्रपट तो अफगाणिस्तानात, तेथील घोडेस्वारांच्या बुझकशी या दांडग्या खेळाच्या निमित्ताने करावयास निघाला, तेव्हा त्याने कुतारला बोलावून घेतले. या बोलावण्याचा किस्सा कुतार स्वतः सांगत असे: आपल्याला स्थिर छायाचित्रे काढण्याकरिता नेत आहेत, अशा समजुतीने त्याने होकार भरला, आणि चलच्चित्रणाचा कॅमेरा आपल्या हवाली होणार आहे, हे त्याला मागाहून उमगले. त्या चित्रपटाचा निर्माता जॉर्ज द बोरगार याने या नवख्या छायालेखकाचा काटकपणा हेरून ठेविला. गोदार आपल्या पहिल्या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होता, त्या वेळी त्याच्या मनात दुसराच छायालेखक होता. परंतु बोरगारने कुतारचा आग्रह धरला आणि गोदारने तो मानला. चित्रपटाच्या इतिहासातील एक अत्यंत फलदायी जोडी अशी एका निर्मात्याच्या हट्टामुळे जमली. निर्मात्यांस दूषणे देणारांनी एवढे एक उदाहरण तरी त्यांच्या जमेस धरावे.

'आ बू द सूफ्ल' या गोदारच्या पहिल्या चित्रपटाचे चित्रण १७ ऑगस्ट १९५९ रोजी पॅरिसमध्ये सुरू झाले. गोदारची अट अशी की वार्तापटाप्रमाणे काम व्हावे: दिवे नकोत, तिपाई नको, आणि नट जेथे जातील तेथे कॅमेऱ्याने जावे. बाहेरच्या दृश्यांत ही अट पाळणे सोपे होते. पण कथेचा एक मोठा भाग सेन नदीकाठच्या एका हॉटेलातील लहानशा खोलीत घडणारा, आणि काही भाग रात्रीच्या रस्त्यांवर. त्या काळच्या चित्रपटांच्या फिल्मवर अशा उजेडात अंधाराखेरीज काहीच उमटले नसते.

येथे रसायनशाळेतील जुनी उमेदवारी कामास आली. इलफर्ड या इंग्रज कंपनीची 'एचपीएस' नावाची एक फिल्म त्या वेळी मिळत असे. तिची प्रकाशग्राहकता ४०० एएसए, म्हणजे चलच्चित्रणाच्या प्रचलित फिल्मच्या मानाने कितीतरी अधिक. परंतु ती स्थिर छायाचित्रकारांसाठी बनविलेली होती आणि १७.५ मीटरच्या गुंडाळ्यांतच विकली जाई. चलच्चित्रणात सेकंदास २४ चौकटी या वेगाने अशी गुंडाळी ३८ सेकंदांत संपते. शिवाय दोन्ही प्रकारच्या फिल्मच्या कडेची भोके सारखी नसत, त्यामुळे स्टुडिओतील मोठ्या मिचेल कॅमेऱ्यात ती चालण्याची आशा नव्हती. मात्र एक्लेर कंपनीच्या कॅमेफ्लेक्स या हलक्या फ्रेंच कॅमेऱ्याची यंत्ररचना अशी होती की त्यात ती चालून जाई. तेव्हा या मंडळींनी अनेक गुंडाळ्या आणून त्यांचे तुकडे एकमेकांस जोडून लांब रिळे तयार केली आणि तीच कॅमेऱ्यात चढविली.

एवढ्याने भागले नाही. ही फिल्म निराळ्या द्रावणात अधिक काळ धुतली तर तिची ग्राहकता दुपटीने वाढून ८०० एएसएपर्यंत नेता येईल, असे ठरले. परंतु रोज हजारो मीटर फिल्म यंत्रांतून काढणाऱ्या व्यावसायिक रसायनशाळेने एका नवशिक्या दिग्दर्शकाच्या चार तुकड्यांसाठी आपली द्रावणे बदलावीत, हे व्यवहारात बसणारे नव्हते. सुदैवाने जीटीसी या रसायनशाळेत चाचणीच्या कामापुरते ठेवलेले एक लहान यंत्र बरेचसे रिकामे असे. ते वापरण्याची मुभा मिळाली आणि काम निभावले. त्या खोलीतील झाँ-पॉल बेलमाँदो आणि जीन सीबर्ग यांच्या दीर्घ, निरुद्देश, तरीही मनास सोडून न जाणाऱ्या संवादात खिडकीतून येणारा जो करडा, किंचित कणीदार उजेड भरून राहिलेला आहे, त्याच्या मुळाशी ही सगळी जोडाजोड आहे. कलावंताची शैली म्हणून ज्याचे विवेचन विद्वान करतात, त्यातील किती भाग अडचणींतून काढलेल्या वाटांचा असतो, याचा याहून उत्तम दाखला मला ठाऊक नाही.

कॅमेफ्लेक्सचा एक दोष होता. तो चालताना मोठा आवाज करी, त्यामुळे चित्रणाबरोबर ध्वनिमुद्रण करणे अशक्य होते. सबब सारे संवाद मागाहून स्टुडिओत भरले गेले. आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की चित्रण चालू असतानाच गोदारला नटांस मोठ्याने वाक्ये सांगता येऊ लागली. शाँझेलिझेच्या पदपथावर सीबर्ग वृत्तपत्रे विकीत चालली आहे आणि बेलमाँदो तिच्याबरोबर गप्पा मारीत आहे, त्या दृश्यात आजूबाजूचे लोक खरोखरीचे वाटसरू आहेत. त्यांस सुगावा लागू नये म्हणून कुतार टपालाची पार्सले नेण्याच्या एका तीनचाकी गाडीत दडून बसला होता. अन्यत्र ट्रॉलीच्या ऐवजी अपंगांची चाकांची खुर्ची आणविली गेली. कुतार कॅमेरा घेऊन तीत बसे आणि गोदार ती ढकलीत नेई. या गोष्टी पुढे इतक्या प्रसिद्ध झाल्या की त्यांखाली कुतारचे पुढील काम झाकले गेले.

ते पुढील काम म्हणजे छताकडे वळविलेले दिवे. १९६० नंतरच्या चित्रपटांत त्याने जी पद्धत बसविली ती सांगावयास अगदी साधी आहे. छायाचित्रकार ज्यांस फोटोफ्लड म्हणतात ते दिवे दिसावयास घरगुती दिव्यासारखेच असतात, परंतु त्यांची तार मुद्दाम अधिक तापविलेली असल्याने ते अतिशय प्रखर जळतात आणि काही तासांतच विझून जातात. हे दिवे भिंतींच्या वरच्या कडेला, खिडक्यांच्या माथ्यावर, कॅमेऱ्याच्या दृष्टीआड ओळीने बसवावयाचे आणि त्यांची तोंडे नटांकडे न करता पांढऱ्या छताकडे करावयाची, एवढीच त्यातील युक्ती. छतावर आपटून परतणारा प्रकाश कोठल्याही एका दिशेचा राहत नाही. तो सबंध खोलीत सारखा पसरतो, ठळक सावल्या पाडीत नाही, आणि दिवसाच्या उजेडाशी बेमालूम मिसळतो. दुपारी अंगणात ऊन रणरणत असता, समोरच्या चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवरून परतून माजघरात जो उजेड येतो, त्याच्यासारखाच हा.

या युक्तीचे परिणाम मात्र साधे नव्हते. खोलीचा कोणताही कोपरा आता चित्रणास योग्य झाला. जमिनीवर दिव्यांची एकही तिपाई उरली नाही. कॅमेरा चहूकडे फिरला तरी यंत्रसामग्री दिसण्याचे भय नाहीसे झाले. आणि नटाने कोठे उभे राहावे हे सांगणाऱ्या खडूच्या खुणा पुसल्या गेल्या. गोदारसारखा दिग्दर्शक, जो सकाळी संवाद लिही आणि दुपारी ते चित्रित करी, त्यास दृश्यागणिक दोन-दोन तास दिवे लावीत बसणारा छायालेखक मिळाला असता तर त्याची सारी पद्धतच खुंटली असती. नवलाची गोष्ट ही की 'युन फाम ए युन फाम' हा १९६१ साली प्रदर्शित झालेला रंगीत चित्रपट करण्याकरिता ही जोडी प्रथमच स्टुडिओत शिरली, तेव्हाही गोदारने तेथे बांधविलेल्या घरास छत बसवून घेतले. स्टुडिओतील देखाव्यास छत नसते, कारण दिवे वरूनच टांगावयाचे असतात. येथे छतावाचून दिवे लागत नव्हते!

या पद्धतीसही मर्यादा होत्या, आणि त्या सांगितल्याखेरीज चित्र पुरे व्हावयाचे नाही. वरून उतरणारा उजेड कपाळावर पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात, आणि मुखाचा उठाव कमी होतो. ज्या अभिनेत्रीस आपल्या सौंदर्याची काळजी तिला तो रुचणारा नव्हे. स्वतः कुतारने १९६५ साली एका फ्रेंच साप्ताहिकात लेख लिहून आपल्यापुढील दुसऱ्या अडचणीची चर्चा केली होती. तिचा मथितार्थ असा, की मनुष्य खोलीच्या आतल्या बाजूकडून खिडकीकडे वळला असता त्याचा डोळा आपोआप सावरतो, पण फिल्मला ते साधत नाही. आणि गोदारला मात्र कॅमेऱ्याकडून डोळ्याचेच काम हवे असे. खोलीत उभा असलेला मनुष्य चालत सज्जात जावा, कॅमेरा त्याच्या मागोमाग जावा, आणि आत अंधार किंवा बाहेर झगमगाट असे काही दिसू नये, ही त्याची मागणी. छतावरील दिवे ही त्या मागणीची पूर्तता होती: बाहेरच्या उजेडाच्या जवळपास येईल इतका आतला उजेड चढवावयाचा, पण तो चढविला आहे हे कोणास कळू द्यावयाचे नाही. ज्याला लोक 'नैसर्गिक' चित्रण म्हणून वाखाणीत होते, ते असे पुरेपूर योजनापूर्वक केलेले होते.

येथे एका भारतीय छायालेखकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कुतारने चलच्चित्रणाचा कॅमेरा नुकता कोठे हाती धरला असेल त्या सुमारास, १९५६ साली प्रदर्शित झालेल्या 'अपराजितो'मध्ये सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत बांधलेल्या काशीच्या घरातील चौकावर पांढरे कापड ताणून खालून त्यावर दिव्यांचा प्रकाश सोडला, आणि परतून आलेल्या त्या उजेडात सारी दृश्ये चित्रित केली. दिग्दर्शक सत्यजित राय यांना ते अंगण खरे भासावयास हवे होते, आणि ते इतके खरे भासले की ते स्टुडिओतील आहे याची शंकाही पाहणाऱ्यास येत नाही. मित्र यांची या विद्येतील उमेदवारी एका फ्रेंच छायालेखकाच्या सान्निध्यात झालेली होती: झाँ रन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर' करीत असताना त्याचा पुतण्या क्लोद रन्वार याचे काम ते तासन्‌तास निरखीत बसत. कुतारने मित्र यांच्यापासून घेतले असे नव्हे. दोघे एकाच गरजेतून एकाच उत्तरापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. परंतु अग्रक्रमाचा प्रश्न निघालाच, तर तो मित्र यांच्या पारड्यात टाकावा लागेल.

या एका पद्धतीत कुतारला बंदिस्त करणे मात्र अन्यायाचे होईल. देमीचा १९६१चा 'लोला' पाहावा: नाँत शहरातील रस्ते आणि काचेच्या छताची जुनी बाजारपेठ यांत हिंडणाऱ्या आनूक एमेभोवती त्याने प्रकाश इतका सैल सोडला आहे की खिडक्या आणि आकाश पांढऱ्याशुभ्र तेजात विरून जातात, तंत्राच्या पाठ्यपुस्तकात ज्यास दोष म्हटले असते तीच येथे स्वप्नाची छटा झाली आहे. उलट गोदारच्या 'ले काराबिनिए' या युद्धविषयक चित्रपटात त्याने काळ्यापांढऱ्यातील मधल्या करड्या छटा जवळजवळ खरवडून काढल्या, जेणेकरून ते चित्रण जुन्या वार्तापटांतील झिजलेल्या तुकड्यांशी मिळून जावे. त्रुफोच्या 'झ्यूल ए झिम'मध्ये तोच कॅमेरा पुलावरून धावणाऱ्या तीन मित्रांबरोबर धावतो. तर 'व्हिव्र सा व्ही'मध्ये, जेथे संवाद चित्रणाबरोबरच मुद्रित करावयाचे म्हणून पुन्हा तो जड मिचेल आणला गेला, तेथे तो इतका धीराने एका जागी उभा राहतो की हलत्या कॅमेऱ्याची ख्याती याच माणसाची का, अशी शंका यावी. हलता कॅमेरा त्याने एका कामापुरते साधन म्हणून वापरला. त्याची पूजा बांधली ती अनुकरण करणारांनी.

'आल्फाव्हिल' हा १९६५चा चित्रपट तर या बाबतीत विशेष मननीय आहे. भविष्यकाळातील एका यंत्रशासित नगरीची ही कथा. पण तीसाठी एकही काल्पनिक देखावा बांधलेला नाही. त्या काळी पॅरिसमध्ये नव्यानेच उभ्या राहिलेल्या काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती, त्यांतील जिने, नळीदिवे आणि लांबलचक दालने रात्रीच्या वेळी, पुन्हा त्याच 'एचपीएस' फिल्मवर, जवळजवळ तेथल्याच उजेडात चित्रित केली गेली. काही चौकटींत नटाचे मुख पुरते अंधारात बुडते आणि मागे केवळ एक दिवा उरतो. हे धाडस दर वेळी साधले आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जेथे साधले तेथे वर्तमानकाळच भविष्यकाळाइतका परका वाटू लागतो, आणि चित्रपटास नेमके तेच म्हणावयाचे होते.

त्याच वर्षीच्या 'पिएरो ल फू'मध्ये रात्री मोटारीतून चाललेल्या प्रियकर-प्रेयसीच्या मुखांवरून आणि समोरच्या काचेवरून लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या कमानी सरकत जातात. हे रस्त्यावरील दिवे नव्हेत. उभ्या मोटारीवरून रंगीत दिवे फिरवून केलेला तो उघड कृत्रिम खेळ आहे. वास्तवाचा उपासक म्हणून ज्याची गणना होते त्या माणसाने हे करावे आणि इतक्या आनंदाने करावे, याचा अर्थ स्पष्ट आहे. तो कोणत्याही मताचा भक्त नव्हता. कथेस जे हवे ते वेळेत आणि पैशात बसवून देणारा तो कारागीर होता. गोदारच्या पुढील रंगीत चित्रपटांतील पांढऱ्या भिंती आणि त्यांवरील निर्भेळ लाल व निळा हे रंगदेखील अंशतः याच व्यवहाराचे फळ होते, कारण परावर्तित प्रकाशास पांढरी भिंत लागते आणि पांढऱ्या भिंतीपुढे भडक रंग आपोआप बोलू लागतात. या पर्वाची अखेर १९६७च्या 'वीकएंड'मध्ये झाली, ज्यात खेड्याकडील रस्त्यावर खोळंबलेल्या मोटारींच्या रांगेबरोबर कॅमेरा सुमारे ३०० मीटर रुळांवरून संथपणे सरकत जातो आणि कर्ण्यांचा कल्लोळ कानांत भरून राहतो.

त्यानंतर गोदार राजकीय चित्रपटांकडे गेला आणि या जोडीची फारकत झाली. त्रुफोशी तर 'ला मार्ये एते आँ न्वार' या चित्रपटाच्या वेळी त्याचे असे बिनसले की पुन्हा एकत्र काम झाले नाही. कुतारचा स्वभाव फटकळ, त्याची राजकीय मते गोदारच्या मतांहून सर्वस्वी भिन्न, आणि वागण्यात लष्करी रोखठोकपणा मुरलेला. क्रांतीच्या घोषणा देणाऱ्या चित्रपटांचा छायालेखक हा वसाहतीच्या युद्धातून आलेला जुना सैनिक असावा, ही विसंगती खरी. पण पडद्यावर तिचा मागमूसही दिसत नाही, आणि यातच त्याच्या व्यावसायिक निष्ठेचे माप सापडते.

१९६९ साली प्रदर्शित झालेल्या कोस्ता-गाव्हरासच्या 'झेड' या राजकीय हत्येवरील चित्रपटाचे छायालेखन त्याने अल्जिअर्समध्ये केले आणि त्यात एका शल्यवैद्याची लहानशी भूमिकाही वठविली. त्या चित्रपटास परभाषिक विभागाचे ऑस्कर मिळाले. १९७० मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला 'होआ-बिन', म्हणजे व्हिएतनाममधील युद्धात निराधार झालेल्या एका बालकाची कथा, कान महोत्सवात पहिल्या कृतीच्या पारितोषिकास पात्र ठरला. १९७७ मध्ये जुना मित्र शोंदोर्फेर याच्या 'ल क्राब-तांबूर'साठी तो फ्रेंच नौदलाच्या युद्धनौकेवरून उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रात गेला आणि त्या छायालेखनाबद्दल त्यास सीझर पारितोषिक लाभले. दिग्दर्शक म्हणून त्याने आणखी दोन चित्रपट केले. त्यांविषयी मौन पाळणेच इष्ट.

पंधरा वर्षांच्या अंतराने गोदारने त्याला पुन्हा बोलावले, ते १९८२च्या 'पासिओं'साठी. रेम्ब्रांट, गोया, देलाक्रुआ यांची चित्रे सजीव माणसांकरवी उभी करून चित्रित करू पाहणारा एक दिग्दर्शक आणि त्यास काही केल्या मनासारखा न मिळणारा उजेड, हा या चित्रपटाचा विषय. ज्या स्टुडिओच्या दिव्यांस या दोघांनी तरुणपणी रजा दिली होती, तेच दिवे येथे पुरत्या वैभवानिशी परतले आहेत. पुढल्या वर्षीच्या 'प्रेनों कार्मेन'ला व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाला. अखेरीस फिलिप गारेल या दिग्दर्शकाबरोबर तो पुनश्च काळ्यापांढऱ्या फिल्मकडे वळला आणि २००१चा 'सोव्हाझ इनोसाँस' हे त्याचे शेवटचे काम ठरले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, नैर्ऋत्य फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले.

ज्या वाचकांस या छायालेखकाचा परिचय करून घ्यावयाचा असेल, त्यांनी 'आ बू द सूफ्ल'पासून आरंभ न करता आधी 'लोला', मग 'व्हिव्र सा व्ही' आणि मग 'पिएरो ल फू' असा क्रम धरावा, आणि पाहताना कथेबरोबर अधूनमधून नटांच्या मागील भिंतीवर त्यांच्या सावल्या कोठे पडतात आणि कोठे पडत नाहीत, याकडेही लक्ष द्यावे.